हिरव्या दिव्यांची जनसुनावणी

द्वारकाबाईंना भयंकर राग आला होता, आणि तो आत्ता एवढ्यात निघून जाणार, याचाच त्यांना जास्त राग येत होता.

कारणही तसंच होतं. त्यांच्या नातीला, शर्वीला, शाळेने पुन्हा पहिलीत बसवायचं ठरवलं होतं. गेल्या वर्षी घडाघडा पाढे म्हणणारी पोर आता स्वतःचं नाव लिहिताना अडायची, हात थरथरायचे, पोट धरून बसायची. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, अंगात शिसं गेलंय. गावाच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायचा कारखाना होता, त्याची धूळ घराघरांत बसत होती. गल्लीतल्या इतर पोरांचीही हीच गत.

"मुडदा बशिवला त्या कारखानेवाल्यांचा!" द्वारकाबाई कडाडल्या. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केलेला आवाज तो. पण तेवढ्यात कानाच्या पाळीला चुणचुण झाली, आणि गेला की राग! "असू दे," त्या हसून म्हणाल्या आणि पायरीवर ऊन खात बसल्या.

ही चुणचुण म्हणजे 'निवांती'. तुरीच्या डाळीएवढी चकती, कानाच्या पाळीवर कायमची चिकटवायची. आपल्या मेंदूतून निघून एक लांब नस हृदयाकडे आणि पोटाकडे जाते. श्वास सावकाश सोडला की ही नस हृदयाला सांगते, बाबा रे, हळू. ध्यानाला बसणारी माणसं वर्षानुवर्षं हेच तर साधत होती. निवांती तेच काम विजेच्या बारीक झटक्याने करायची. नाडी उडाली, श्वास चढला, की चकतीवर तांबडा दिवा, मग झटका, मग हिरवा दिवा. बसायला नको, शिकायला नको. आधी दवाखान्यांत आली, मग शाळांत, आणि शेवटी कायदाच झाला, की हिरव्या दिव्याशिवाय सरकारी दारात कुणी तोंड उघडायचं नाही. भांडणं थांबली, दंगली थांबल्या. लोकांनी पेढे वाटले. पेढे! अरे, काय गहाण टाकतोय हे एकाने तरी विचारायचं होतं!

महिन्याभराने कारखाना दुप्पट करण्यासाठी जनसुनावणी होती. गावाने हरकत घेतली तरच तो अडणार होता. द्वारकाबाई तडक डॉ. यामिनी केळुस्करांच्या दारात गेल्या. निवांती बनवणाऱ्यांपैकी ही एक. नोकरी सोडून गावाबाहेर राहत होती.

"काढा हे माझ्या कानावरचं."

"काढलं तर सुनावणीत बोलू देणार नाहीत, मावशी."

"आणि ठेवलं तर मला बोलावंसंच वाटत नाही! आठवतं सगळं. पोरीचे हात दिसतात. पण दुसऱ्या कुणाच्या घरातलं दुखणं असावं तसं वाटतं. काय करून ठेवलंत हो हे?"

यामिनीने मान खाली घातली. "आम्ही विचारांना हात लावला नाही. विचारामागचा रेटा तेवढा काढला."

"म्हणजे गाडी शाबूत, इंजिन काढून नेलंत! आणि वर शहाण्या म्हणवता!"

"एक वाट आहे," यामिनी म्हणाली. "चकतीला मन कळत नाही, फक्त श्वास आणि नाडी कळते. ती तुम्ही स्वतःच हळू ठेवलीत तर झटका बसणार नाही. राग आत तसाच राहील."

"रागवायचं आणि शांतही राहायचं? आमच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नाही ते!"

पण त्या शिकल्या. भाकरी थापताना फक्त भाकरीकडे बघायचं. भांडी घासताना हाताला लागणारं गार पाणी जाणवून घ्यायचं. चालताना तळवा जमिनीला टेकला, हे कळू द्यायचं. श्वास सोडताना घेतल्यापेक्षा लांब सोडायचा. आणि असं सगळं निवलं, की मुद्दाम शर्वीच्या थरथरत्या हाताकडे बघायचं. पहिले काही दिवस हटकून झटका बसे. "गेला मेला परत!" म्हणत त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. हळूहळू राग टिकू लागला. सून प्रणोती, शर्वीची आई, कौतुकाने म्हणाली, "आई, किती छान ध्यान करता हल्ली!" द्वारकाबाईंनी लांब श्वास सोडला. तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता.

सुनावणीला अख्खा गाव मंडपात आला होता, प्रणोतीही शर्वीला घेऊन बसली होती. द्वारकाबाई माईकपुढे उभ्या राहिल्या, पाय जमिनीवर नीट टेकले, आणि एकेक शब्द सावकाश बोलल्या.

"माझी नात स्वतःचं नाव विसरत चाललीय. हिच्या डोक्यात तुमच्या भट्टीचं शिसं बसलंय. जे गेलं ते परत येत नाही, असं डॉक्टर सांगतात. हे ठाऊक असून तुम्हाला दुसरी भट्टी हवीय. म्हणजे उरलेली पोरंही तुम्हाला हवीत."

त्यांचा दिवा हिरवाच होता. पण समोर पहिल्या रांगेत एक दिवा तांबडा झाला. मग शेजारचा. मग अख्खा मंडप तांबडा झाला, यामिनीसकट, व्यासपीठावरच्या साहेबांसकट. द्वारकाबाईंचा जीव सुपाएवढा झाला. पेटले, पेटले एकदाचे!

आणि मग, पहिल्या रांगेपासून, सगळे दिवे हिरवे होत गेले.

"अतिशय स्पष्ट मांडणी, आजी. आभार," साहेब म्हणाले. "विस्ताराला हरकत असणाऱ्यांनी हात वर करावेत."

द्वारकाबाईंचा हात वर होता. प्रणोतीचा दिवा सगळ्यांत उशिरापर्यंत तांबडा राहिला. तिचा हात खांद्यापर्यंत आलासुद्धा. मग दिवा हिरवा झाला, आणि त्या हाताने तिने शर्वीची बट कानामागे सारली.

"अगं, तुझ्या पोटची पोर आहे ती!" द्वारकाबाई किंचाळल्या. "कर ना हात वर! मेलात का रे सगळे? अरे, बोला ना कुणीतरी!"

त्यांच्या कानाशी तांबडा दिवा लागला.

जरा वेळाने त्यांनी वर केलेला हात खाली घेतला. त्या येऊन सुनेशेजारी बसल्या, शर्वीला मांडीवर ओढलं आणि वर बघत म्हणाल्या, "मंडप छान घातलाय, नाही?"