बिनमहिन्याचा दिवस

स्टॅन्लीत वाऱ्याची तक्रार कुणी करत नाही. गावाच्या डोक्यावर तो सपाट माथ्याचा काळा कातळ उभा आहे, आम्ही त्याला नट म्हणतो. त्याला वळसा घालून वारा बाराही महिने येतोच. टास्मानियाच्या या टोकाला मी हवामान खात्यात आयुष्यभर नोंदी ठेवल्या. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाला पंचांग हवं झालं तेव्हा तो माझ्याकडे आला, यात नवल काही नव्हतं.

कोरिन दर रविवारी दुपारी शेवंडीच्या होडीवरच्या दोघा मित्रांबरोबर एक खेळ खेळायचा. फासे, नकाशे आणि त्याने मनाने रचलेलं ऑस्केल नावाचं बेट. बायको गेल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. टेगन जून महिन्यात होडीवरून पाण्यात पडली. ती सापडली नाही.

"बेट आहे, राजे आहेत, पण तिथे आज कुठला वार आहे हेच कुणाला ठाऊक नाही," तो म्हणाला. "तू कर ना गं काहीतरी."

"चंद्र किती?"

"दोन."

"एकच घे. दोन घेतलेस तर भरती-ओहोटीचं गणित तू कर, मी नाही."

तो हसला. पुष्कळ दिवसांनी हसला, म्हणून मी बसले.

चंद्राचे तेरा महिने, प्रत्येकी अठ्ठावीस दिवसांचे. ऋतू मात्र चार नाही, पाच धरले, कारण बेटावर हिवाळा संपला तरी वारा संपत नाही. मग सण. सण करणं सोपं असतं असं लोकांना वाटतं. पण सणाला आधी खाणं लागतं, मग चिडवाचिडवी लागते, आणि शेवटी एक मनाई लागते. मनाई नसली की ती नुसती सुट्टी होते. वसंतात समुद्रपाखरं परत येतात त्या दिवशी फाटकाला ओलं शेवाळ बांधायचं, असा एक सण मी केला. पाखरं आमच्याकडचीच होती. मटनबर्ड म्हणतात त्यांना; ती सप्टेंबर सरता सरता परततात, ते मी लहानपणापासून बघत आलेय.

हिशेब मांडल्यावर वर्षाचा एक दिवस उरला. तो कुठल्याच महिन्यात बसेना.

"तो मला दे," कोरिन म्हणाला. "समुद्राने नेलेलं त्या दिवशी परत येतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो फासे गोळा करत होता.

"असं फुकट येत नाही काही," मी म्हणाले. "मनाई हवी."

ती मीच घातली. त्या दिवशी सगळी दारं उघडी ठेवायची आणि कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. पाण्यातून जे येतं त्याला नाव नसतं. कानावर पडेल ते नाव ते धरून ठेवतं. मला ते बरं जमल्यासारखं वाटलं. आमच्या दक्षिणेकडे वर्षातला सर्वांत लहान दिवस जूनमध्ये येतो, तो सरला की लगेच हा दिवस, असं आम्ही ठरवलं.

सप्टेंबरच्या शेवटी पाखरं आली. सकाळी मी मासे आणायला निघाले, तर बेरिल गॅफनीच्या फाटकाला शेवाळाची जाड, ओली पट्टी बांधलेली. बेरिलचं धक्क्याजवळ माशांचं दुकान आहे. सत्तरी उलटली तरी जीभ कातरीसारखी चालते.

"हे काय गं?"

"काय म्हणजे? पाखरं आली ना."

"कधीपासून बांधतेस?"

"ऐका! आयुष्यभर आभाळ मोजलंस, फाटकं कधी बघितली नाहीस वाटतं. माझी आई बांधायची."

तिची आई मला चांगली आठवत होती. त्या घराला फाटक होतं, शेवाळ कधीच नव्हतं. होडीवरच्या पोरांनी गंमत पसरवली असेल, असं मी स्वतःला समजावलं. परत येताना रस्त्यावरचं प्रत्येक फाटक शेवाळाने ओलं होतं.

कोरिनला सांगितलं. तो खूश झाला. नवल मात्र त्याला वाटलं नाही, आणि तेच मला खटकत राहिलं.

मी हवामानवाली बाई. एका नोंदीवर विश्वास ठेवत नाही. म्हणून मनातल्या मनात एक सण केला, मुद्दाम खुळचट: पाखरं निघून जातात त्या दिवशी डाव्या पायाचा बूट खिडकीत ठेवायचा, टोक समुद्राकडे. कागदावर उतरवला नाही. कोरिनला सांगितला नाही. स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलले नाही.

एप्रिलमध्ये पाखरं गेली. दुपारी चर्चच्या रस्त्याने चालत होते. पहिल्या खिडकीत रबरी बूट दिसला. पुढच्या खिडकीत बाळाचा विणलेला मोजाबूट. त्यापुढे पॉलिश केलेला, काळा. सगळे डावे. सगळे समुद्राकडे.

मी तशीच कोरिनकडे गेले. त्याचं घर गावाच्या टोकाला, मागचं दार थेट गॉडफ्रीज किनाऱ्यावर उघडणारं.

"तो उरलेला दिवस खोडून टाक."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"तू खोडशील गं," तो शांतपणे म्हणाला, "पण दिवस जाईल कुठे?"

जूनमध्ये मी घराबाहेर पडणं कमी केलं. एका सकाळी जाग आली ती थंडीने. माझं पुढचं दार सताड उघडं होतं. लावायला गेले तर समोरचंही उघडं, त्याच्या शेजारचंही. साऱ्या रस्त्यावर दारांना दगड लावलेले आणि घराघरांत वारा शिरत होता. धक्क्यापर्यंत गेले, तर बेरिल दुकानात उभी होती.

"बेरि—" मी म्हणायला गेले, आणि तिने झटकन सुरी उचलून माझ्याकडे रोखली. रागाने नाही. घाबरून.

"आज नाही," ती म्हणाली. "आज नाही, बयो."

मी पळत सुटले.

कोरिनच्या स्वयंपाकघरात दोन कप मांडलेले होते. मागचं दार उघडं. तो किनाऱ्यावर होता. ओहोटी इतकी आत गेली होती की असा समुद्र मी कधी पाहिला नव्हता. ओल्या वाळूवरून तो सावकाश चालला होता, कुणी समोरून येत असावं तसा, हात किंचित पुढे धरून.

समोर कुणी नव्हतं.

पाणी त्याच्या घोट्याशी आलं. मग गुडघ्याशी.

मी ओरडले, "कोरिन!"

तो थांबला.

वारा पडला. स्टॅन्लीत वारा पडत नाही.

मग पाण्याच्या बाजूने आवाज आला. आवाज माझाच होता.

"को," तो आवाज म्हणाला. जरा थांबला. "रिन."

पुन्हा म्हणाला. या वेळी नीट.

मी पाण्यात शिरून कोरिनचा दंड धरला. त्याने अंग काढून घेतलं नाही. मुकाट्याने माझ्याबरोबर घरी आला, ओल्या कपड्यांनी खुर्चीत बसला. दार मात्र लावू देईना. किनाऱ्यावरून येताना मी मागे वळून पाहिलं नाही, आजवर मला त्याचं बरंच वाटत आलंय.

दुसऱ्या दिवशी गावातली दारं बंद होती. बेरिल मला नावाने हाक मारून कोळंबी घेतेस का विचारत होती. "काल?" ती म्हणाली. "काल काय होतं?" सर्वांत लहान दिवसानंतर मी दोनदा झोपून उठले होते. फोनवरची तारीख एकदाच पुढे सरकली होती.

त्यानंतर कोरिन सुधारला. दाढी करू लागला, खेळ बंद केला. होडीवरच्या पोरांना म्हणाला, वेळ मिळत नाही. मला उगाच पडलेल्या प्रश्नांची लाज वाटायला लागली.

गेल्या रविवारी दुपारी त्याच्याकडे गेले. मागचं दार उघडंच होतं, तो टेबलाशी उभा होता. टेबलावर ताटं दोन, दोन्ही खरकटी. आतल्या खोलीचं दार लोटलेलं.

"कोरिन," आतून हाक आली. स्वच्छ, मायेची. माझा आवाज आता तिच्यात उरला नव्हता. तो टेगनचा होता. बारा वर्षं तिने मला याच आवाजात नावाने बोलावलं होतं.

माझे डोळे भरून आले. मी त्या दाराकडे एक पाऊल टाकलं.

"कोण आलंय रे?" आतून विचारलं.

"टेगन, अगं मीच—" म्हणत मी माझं नाव सांगणार, तोच कोरिनने माझ्या तोंडावर तळहात दाबला. हात बर्फासारखा गार होता. तो माझ्या कानाशी वाकला.

"नाव सांगू नकोस," तो कुजबुजला. "तिला अजून माझं एकट्याचंच येतं."