खुनी कोण ते सांगू नका

"त्या डॉक्टरवर उगाच संशय घेऊ नका. खुनी तो न्हाई."

फहमिदाने पुस्तकातून मान वर केली. पौडहून पुण्याला निघालेली एस.टी. पिरंगुटला गच्च भरली होती, आणि दांडी धरून उभा असलेला एक तरुण तिच्या उघड्या पानात डोकावत होता.

"खुनी दुकानदार हाय," त्याने सांगूनच टाकलं. "मेंढ्यांची लोकर घेणारा."

तिची अजून एकशे चाळीस पानं वाचायची राहिली होती.

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"न्हाई... पण मलाबी हाच पेपर हाय. म्हणलं, तुमची मेहनत वाचंल."

"तुम्ही वाचलीत कादंबरी?"

"गाईड वाचलंय. कथानक तीन पानं, पात्रं चार, आशय दीड."

"म्हणजे जेवलाच नाहीत. दुसऱ्याचा ढेकर ऐकून आलात."

शेजारी टोपली घेऊन बसलेल्या गोजराबाई फसकन हसल्या. तरुणाचे कान लाल झाले. पण पुढच्या गुरुवारी तो पुन्हा तिच्याच बाकाशी येऊन उभा राहिला.

त्याचं नाव नसीर. उरवड्याच्या कारखान्यात तो लेथ चालवायचा आणि बाहेरून बी.ए. करत होता. गुरुवारी सुटी, म्हणून त्या दिवशी पुण्याला शिकवणीला जायचा. फहमिदाला मात्र रोजच कॉलेज होतं. गेल्या साली ती इंग्रजीत नापास झाली होती. पौडात कापडाचं दुकान असलेल्या तिच्या अब्बांनी, फकरुद्दीनशेठांनी, शांतपणे सांगितलं होतं, "आणखी एक साल. पुन्हा नापास झालीस, तर एस.टी.चा पास बंद." अब्बा बोललेलं फिरवत नसत. म्हणून तिने ठरवलं होतं, यंदा गाईड नाही. शब्दकोश घेऊन मूळ कादंबरीच वाचायची.

कादंबरी अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींची होती. वाळवंटात एक माणूस मरून पडतो आणि त्यांच्यातलाच एक फौजदार तपासाला निघतो, एवढंच कथानक. फहमिदा रोज चार पानं वाचायची आणि गुरुवारी नसीरला सांगायची. हळूहळू तो शेजारी बसू लागला. खिडकीतून कापलेल्या आंबेमोहोर भाताचा वास यायचा. पुस्तकाला तो हात लावत नसे.

"हात काळे हायेत, कारखान्याचं ऑइल सुटीलाबी निघत न्हाई. डाग पडंल."

मग पान तीच उलटायची... त्याचं वाचून होईपर्यंत थांबून.

जानेवारीत मोठं भांडण झालं, ते मेंढ्या राखणाऱ्या म्हातारीवरून.

"लबाड बाई," नसीर गाईड उघडून म्हणाला. "मेलेल्याचं नाव ठाऊक असून फौजदाराला सांगत न्हाई. खुन्याला सामील."

"आमच्या सरांनीही तेच लिहून दिलंय. पण ती लबाड नाही. त्या लोकांत मेलेल्याचं नाव घेत नाहीत. फौजदार स्वतः नवाहो, म्हणून तो नाव विचारतच नाही. त्याचं घर कुठं, मेंढ्यांना खूण कोणती, असं आडून विचारतो."

"हे गाईडात न्हाई."

"पुस्तकात आहे." मग तिचा आवाज उतरला. "रेशनकार्डाच्या वेळी कारकुनाने अम्मीला नवऱ्याचं नाव विचारलं. ती गप्प. तो खेकसला, 'नवरा हाय का न्हाई?' मी सात वर्षांची होते. नाव मी सांगितलं. त्यालाही अम्मी लबाडच वाटली असेल."

भूगावजवळ नसीरने गाईड मिटून पिशवीत टाकलं.

"आमची अम्मी अब्बांना हाक मारायला दाराची कडी वाजवते," तो म्हणाला. "पेपरात हेच लिवणार?"

"हेच."

"तपासणारा गाईडवाला निघाला तर? नापास झालात तर... गुरुवारी मी कुणाशी भांडू?"

तो खिडकीबाहेर बघत होता. तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

"म्हणून तर नापास व्हायचं नाही."

एप्रिलमध्ये तोच प्रश्न आला. मेंढपाळ म्हातारीचं स्वभावचित्र रेखाटा. नसीरच्या तोंडून ऐकून ऐकून गाईडची वाक्यं तिला पाठ झाली होती. ती उतरवली की पास नक्की. अब्बांचा शांत चेहरा डोळ्यांपुढे आला. तिने पेन खाली ठेवलं, घामेजला हात ओढणीला पुसला आणि पहिलं वाक्य लिहिलं : म्हातारी खोटं बोलत नाही. पुढची दोन पानं हात थांबला नाही.

निकाल लागला. तिला चव्वेचाळीस, पास. नसीर पौडच्या स्टँडवर तोंड पाडून उभा होता.

"किती?"

"सत्तावन. तुमच्यापेक्षा तेरा जास्त, आणि मला ती म्हातारी धड आठवतबी न्हाई."

"माझं उत्तर लिहायचं होतंत."

"ते तुमचं होतं," तो म्हणाला. "चोरून लिवलं असतं, तर आज हितं तोंड घेऊन आलो नसतो."

त्याने समोरच्या कापडाच्या दुकानाकडे पाहिलं.

"अब्बांना विचारू... तुमच्याबद्दल?"

"आधी मला विचारा."

"विचारतोय की."

"मला टी.वाय. करायचंय. मग बी.एड. तीन वर्षं थांबाल?"

"थांबतो."

"मग जा. समोरच दुकान आहे."

तो गेला. स्टँडवरून तिला सगळं दिसत होतं. अब्बांनी एक ठाण उलगडलं, नसीरने मान हलवली. दुसरं उलगडलं, पुन्हा मान. थोड्या वेळाने तो पुडकं काखोटीला मारून परत आला.

"काय झालं?"

"शर्टाचं कापड... आन् लेंग्याचं."

"आणि?"

"म्हणाले, रंग जायचा न्हाई."

फहमिदा खळखळून हसली. मग तिने पुडकं त्याच्या हातातून घेतलं, रस्ता ओलांडला आणि दुकानाची पायरी चढली. मागून तो येतोय का, हे तिने वळूनही पाहिलं नाही. पुडकं तिने अब्बांच्या पुढ्यात, गादीवर ठेवलं.

"अब्बा, यांना कापड नको होतं," ती म्हणाली. "काय हवंय, ते मीच सांगते. चष्मा काढा आणि नीट ऐका."