वाळूतला फेरा

पुळणवाडीच्या भूजलवेध केंद्रात त्या दुपारी दोनच माणसं होती आणि दोघांनाही बोलायची इच्छा नव्हती. केंद्रप्रमुख डॉ. शर्वाणी रेडकर सकाळी भर गावासमोर आपल्या धाकट्या भावाला, बाबलला, चोर म्हणून बसली होती. आता बोलणार तरी काय, कपाळ?

कारण साधं होतं. वाळूत पुरलेल्या नत्रवेधी सळया मुळांपासून विहिरीच्या तळापर्यंत नायट्रेट मोजत. बाबलच्या मळ्याखाली त्यांनी नवा थर दाखवला होता, म्हणजे कुणीतरी चोरून युरिया मारला असणार. ज्या गावाने पंधरा वर्षांपूर्वी रासायनिक खत सोडलं, तिथे! भूजलरक्षक ही सरकारची स्वयंचलित यंत्रणा कुणाच्या बापाचं ऐकत नसे. संध्याकाळपर्यंत दोषी सापडला तर त्याचा मळा कायमचा बंद. नाही सापडला तर अख्खं गाव बंदिस्त. पाणी शुद्ध होईपर्यंत तिथलं एक पानही वेशीबाहेर जायचं नाही.

"बाई, घोळ झालाय," केंद्राचे रसायनतज्ज्ञ डॉ. इम्तियाज मुकादम यंत्रावरून मान वर करत म्हणाले. "कारखाने युरियात दरवर्षी वेगळी अणुखूण मिसळतात. या नायट्रेटची खूण जुनी आहे. खतबंदीच्याही आधीची."

"अहो, पण थर नवा आहे!"

"थर नवा, नायट्रेट जुनं. वाळू काही धरून ठेवत नाही. ते खाली झिरपलं, विहिरीत उतरलं. गावाने पंप लावून पुन्हा मळ्यात आणलं."

"पीक शोषून घेतं की."

"घेतं. आणि पिकाचं तुम्ही काय करता?"

शर्वाणीला उत्तर ठाऊक होतं. मातीचं मातीला, ही तिच्या वडिलांनीच गावाला घातलेली शपथ. काडी, पाला, शेण, सगळं परत मळ्यात कुजवायचं. बाजारात जायच्या त्या चार मिरच्या. गाव इतकी वर्षं पुण्य समजून तेच विष गोल फिरवत होतं, आणि सगळ्यात कडक शपथ पाळणारा बाबल होता. म्हणूनच थर त्याच्या मळ्याखाली सर्वांत दाट होता.

तिने बाबलला बोलावून घेतलं. तो तणतणतच आला. सगळं ऐकल्यावर मात्र त्याचा चेहरा फुलला.

"बघ गो ताये! मी सांगत होतंय ना? चल, आता गावाक सांग. बापाशीच्या नावाक बट्टो लावणारो मी न्हय!"

शर्वाणी जागची हलली नाही. तिने इम्तियाजकडे पाहिलं.

"उपाय आहे," इम्तियाज हळू आवाजात म्हणाले. "गवत लावायचं, कापायचं आणि घाटावर पाठवायचं. तिथल्या नापीक माळांना ते उत्तम खत. काही वर्षांत विहिरी निवळतील."

"मगे अडचण कसली?"

"दोषी कुणीच नाही असं कळवलं तर गाव बंदिस्त होतं. मग गवत बाहेर जाणार नाही. गवत गेलं नाही तर नायट्रेट जाणार नाही, आणि नायट्रेट गेल्याशिवाय बंदी उठणार नाही."

बाबल हिशेब समजायला कच्चा नव्हता. त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने नजर चुकवली.

"म्हणजे खरा सांगलंस तर गाव मेला," तो म्हणाला. "आणि खोटा सांगलंस तर मी एकटोच."

"बाबल, मी तुला काही सांगत नाहीये रे..."

"तूच सकाळी सांगलंस. सगळ्यांसमोर." त्याने खिडकीतून आपल्या हिरव्यागार मळ्याकडे पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्या कसलेला मळा तो. मग त्याने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. "घाल माझा नाव. बाबलान चोरून युरिया मारल्यान म्हणून घाल."

तिने कळफलकावर हात ठेवले. नाव बिनचूक उमटलं. भूजलरक्षकाने ते क्षणात मान्य केलं आणि गाव मोकळं झाल्याचा हिरवा दिवा लागला.

"बाबल..." ती उठली.

तो दारात पोचला होता.

"गवताच्या गाडयेची सोय कर," तो मागे न बघता म्हणाला. "आणि ताये, माझ्या घराकडे पाणी पिऊक येव नको."