सत्यमचा घास

“वन्सं, माझ्या सत्यमला उपाशी निजू देऊ नका...”

देवापुढं सांजवात लावताना वहिनीचा तो क्षीण आवाज आजही सिंधुच्या कानात घुमे. भूकंप झाला तेव्हा ती लातूरच्या दवाखान्यात नुकतीच नर्स म्हणून लागली होती. मातीनं माखलेली वहिनी व्हरांड्यात शेवटचे श्वास मोजत होती आणि पलीकडच्याच खोलीत चिमुकल्या सत्यमचं कलेवर सिंधुनं स्वतःच्या हातांनी झाकलं होतं... तरी ती म्हणाली, “हाव वहिनी. आत्ताच दूधभात खाल्ला त्यानं. रोज भरवीन मी.”

वहिनीनं डोळे मिटले, ते कायमचेच.

“मरत्या बाईला फसवलंस तू,” वहिनीचा नवरा, ग्यानोबादादा तेव्हा म्हणाला, आणि मग म्हणतच राहिला. ढिगाऱ्याखाली कंबर मोडलेल्या या भावासाठी सिंधुनं ठरलेलं लग्न मोडलं, त्याचं हगणं-मुतणं काढलं. पण तिच्या हातचा घास गिळून तो विषच ओकत आला.

आता गल्लीभर क्लासच्या पोरापोरींची होस्टेलं झाली होती. रोज दिवेलागणीला सिंधु दूधभाताचा डबा घेऊन जाई, तापानं पडलेल्या, मेसला मुकलेल्या कुणा लेकराला भरवी आणि मगच स्वतः जेवी.

“निघाली का पुण्यवान?” आजही दादानं डिवचलं. “लोकाच्या लेकरांशी लई गोड बोलतीस.”

ती त्याची पाठ पुसत राहिली. अलीकडं ती पाठ नुसती हाडांची उरली होती.

“एक विचारतो, सिंधे. खोटं बोलू नको. शेवटाला तिनं माझं नाव घेतलं का?”

तिनं पाठ पुसायचा ओला पंचा पिळला. एक ‘हाव’ म्हटलं असतं, तर त्या दग्ध जिवाला शांती लाभली असती... पण तेवढ्या खोट्याचं दान देण्याचा अधिकार यानंच तर तिच्याकडून हिरावून घेतला होता.

“न्हाई दादा. तिनं फक्त सत्यमचं विचारलं.”

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. तिकडूनच घोगरा आवाज आला, “ढिगाऱ्याखाली मी बी त्यालाच हाका मारत होतो गं... तिला न्हाई.” आणि मग, “जेवला म्हणल्यावर हसली का ती?”

“हाव. हसली.”

“मग बरं केलंस.”

एवढंच ऐकायला सिंधुचं अवघं तारुण्य जळून गेलं होतं. डोळे भरून आले, पण रडायला तिला सवडच कुठं होती...

“जा आता,” भिंतीकडं बघतच दादा म्हणाला. “लेकरू उपाशी असंल.”

तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं, पदर सावरला आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.