बंद खोलीतला हुंदका

आई गेल्यानंतर आठ महिन्यांनी सगळी भावंडं, मुलं-नातवंडं पहिल्यांदा एकत्र जेवायला जमली, ती ताईच्या घरी. आई-बाबा तिच्याकडेच राहायचे. थोरल्या भावाला, दादाला, यायला थोडा उशीर झाला. कानाच्या यंत्रांचं दुकान त्याचं. बाबांसाठी नवं यंत्र तयार करून तो थेट दुकानातूनच आला.

आईच्या वेळी सगळं दादानेच निस्तरलं होतं. दवाखान्याचे कागद, नातेवाइकांना फोन, तिच्या कपड्यांची वाटणीसुद्धा. डोळ्यांतून टिपूस नाही. "दगड आहे," धाकटा म्हणाला होता. दादाला त्याचंही काही वाटलं नव्हतं.

भर दुपार होती. ताटं वाढली जात होती. दादाने बाबांच्या कानात नव्या यंत्राचा, त्यांच्या कानाच्या मापाचा साचा बसवला. यंत्राने शिट्टी मारली, तसा त्याने तो बोटाने नीट दाबला.

"येतंय का ऐकू?"

"ओरडतोस कशाला? बहिरा आहे का मी?"

सगळे हसले. बाबा डोळे मिटून एकेक आवाज ओळखत राहिले. गळका नळ, ताईच्या बांगड्या, दादाच्या चार वर्षांच्या नातीचं खिदळणं. मग त्यांचा चेहरा उतरला.

"आत कोण रडतंय?"

"कुणी नाही, बाबा," ताई हळूच म्हणाली. "आईची खोली आहे ती... बंदच असते."

"पुरुषमाणूस आहे."

दादाने यंत्र काढून घेतलं. त्यात दोष असणार. पिशवीतून तपासणीची नळी काढून त्याने एक टोक यंत्राला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावलं.

आधी पंख्याची घरघर. मग ताटांचा आवाज. आणि त्यापलीकडे, भिंतीआड, उशीत तोंड खुपसून कुणीतरी रडत होतं. मध्येच कोरडं खोकलं, नाक ओढलं, पुन्हा हुंदका. यंत्रं तपासताना दादाने स्वतःचा आवाज हजारदा ऐकला होता. तो खोकला त्याचाच होता.

नळी तशीच कानात ठेवून तो उठला. त्याने आईच्या खोलीचं दार उघडलं. पलंगावर चादर ताठ अंथरलेली, खिडकी बंद, औषधांचा जुनाट वास. आत कुणी नव्हतं. रडणं मात्र आता अगदी जवळ होतं, हातभरावर. तो पलंगाच्या कडेवर टेकला... आणि आवाज एकदम थांबला. चाहूल लागल्यावर माणूस श्वास रोखून बसतं, तसा.

दादा वाट बघत राहिला. निदान आता तरी आपल्याला रडू येईल, असं त्याला वाटलं. आलं नाही. घाबरायला हवं, हेही त्याला कळत होतं. तेही जमलं नाही. बाहेर येऊन त्याने दार लोटून घेतलं.

"यंत्र बिघडलंय. उद्या बदलून आणतो."

बाबांनी त्याचा हात धरला. "कधीपासून रडतोयस रे?" ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले.

दादा हात सोडवून पुढे गेला. पानावर बसला आणि जेवू लागला. तेवढ्यात नात दाराच्या फटीशी कान लावून आली आणि त्याच्या मांडीवर चढली.

"आबा, आतले आबा विचारतायत."

"काय... काय विचारतायत?"

"हे बाहेरचे आबा कधी जाणार म्हणून."

ताईच्या हातातला डाव खाली पडला. ती ताडकन उठली आणि तिने खोलीच्या दाराला बाहेरून कडी घातली. लगेच आतूनही कडी सरकल्याचा आवाज आला. स्पष्ट. सगळ्यांनी ऐकला.

आजारपणात आई आत अडकून पडू नये म्हणून आतली कडी दादाने स्वतःच्या हाताने स्क्रू काढून उतरवली होती. त्या जागी आता फक्त चार भोकं होती.