मागच्या दारचा दिवा

पानगळीचे दिवस होते. अंधार लवकर पडायचा, हवा काचेसारखी स्वच्छ असायची, आणि गल्लीतला घड्याळजी साडेपाचलाच दुकानाचं शटर ओढून घरी यायचा. घाई कसली, तर आकाशाचे फोटो काढायची. साठीला आलेल्या माणसाला कसला नाद लागेल, काही सांगता येत नाही. याला हा लागला होता.

मागच्या अंगणात तो तीन पायांचा स्टँड मांडायचा. त्यावर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याखाली जुन्या घड्याळांची चाकं जोडून स्वतःच्या हाताने केलेलं यंत्र. पृथ्वी फिरते त्याच चालीने ते कॅमेऱ्याला हळूहळू फिरवायचं, म्हणजे तारा फोटोत जागचा हलत नसे. एकेक फोटो दोन मिनिटांचा. असे पन्नास-साठ फोटो एकावर एक चढवले की नुसत्या डोळ्यांना न दिसणारं दिसायला लागतं. तीन वर्षं तो एकाच फोटोच्या मागे होता. देवयानी दीर्घिका.

"तुमची ती देवयानी एकदा घरी तरी आणा," बायको म्हणायची. "बघू दे मला, रोज थंडीत कुणासाठी कुडकुडता ते."

"आली की आधी तुलाच दाखवतो."

अडचण एकच होती. भिंतीपलीकडे राहणाऱ्या मावशींच्या मागच्या दारावर एक पिवळा दिवा होता. अंधार पडला की लागायचा, तो थेट उजाडेपर्यंत. त्या उजेडात सगळे फोटो पांढुरके यायचे.

त्या दिवशी चंद्र नव्हता. आभाळ कसं पुसून ठेवल्यासारखं. घड्याळजी भिंतीपाशी गेला.

"मावशी, आजच्या दिवस दिवा बंद ठेवता का? दोन तासांचं काम आहे."

मावशींनी शाल सावरली. "अरे, पण हे येतात ना सव्वासातला. दिवा बघूनच वळतात."

मावशींचे यजमान बस चालवायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. पण म्हातारीशी वाद कशाला घालायचा? घड्याळजी समजुतीने म्हणाला, "मी आहे ना अंगणात. काका आले तर सांगतो, शेजारचं दार म्हणून."

"नक्की सांगशील? एकदा चुकले तर पुन्हा सापडायचे नाहीत रे. मी मग कुणाची वाट बघू?"

"शब्द दिला, मावशी."

सात वाजता दिवा विझला. सगळी मागची बाजू काळोखात बुडाली. उजेड उरला तो घड्याळजीने स्टँडला टांगलेल्या लाल काचेच्या बारक्या बॅटरीचा. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत, म्हणून ती. फोटो सुरू झाले. पहिले सात झकास आले. गडी खुशीत होता.

सव्वासातला फाटकाची कडी वाजली.

त्याने मान वळवली. कोणी नव्हतं. मग वाळलेल्या पानांवर पावलं वाजू लागली. सावकाश, दिवसभर बसून पाय आखडलेल्या माणसासारखी. ती लाल उजेडाच्या रोखाने आली आणि स्टँडपाशी थांबली. हवेत डिझेलचा वास आला.

आठव्या फोटोत तारे नव्हते. काठावर होते, पण मधोमध काळं. दव पडलं असेल, घड्याळजी स्वतःशी म्हणाला. त्याने कॅमेऱ्याच्या काचेला बोट लावून पाहिलं. कोरडी होती. नववा फोटो आला. तेच. एखादा माणूस समोर उभा राहून जेवढं आभाळ झाकेल, तेवढंच काळं.

घड्याळजी भित्रा नव्हता. बंद पडलेल्या वस्तूला काहीतरी कारण असतं, या भरवशावर त्याने चाळीस वर्षं काढली होती. पण आता त्याला कारण शोधायचं नव्हतं. त्याला आपला शब्द आठवला.

"काका..." तो हळूच म्हणाला. "हे नव्हे. शेजारचं दार."

कोणी हललं नाही.

"चला... मी सोडतो."

त्याने लाल बॅटरी काढून हातात घेतली आणि चालू लागला. घराचं मागचं दार उघडंच राहिलं. मागे पानं वाजत होती... तो थांबला की थांबत होती. त्याने वळून पाहिलं नाही. फाटकातून बाहेर, मग मावशींच्या फाटकातून आत.

मावशी अंधारात पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी हात वर करून दिवा लावला आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की घड्याळजीला खाली बघावं लागलं.

"आलात? किती हो उशीर," त्या म्हणाल्या. डिझेलचा वास त्याच्या खांद्याला घासून आत गेला.

घड्याळजीचा जीव भांड्यात पडला. दिलेला शब्द पाळला गेला होता. तो वळणार, तोच मावशी म्हणाल्या, "आणि ते दुसरे कोण रे?"

"दुसरे?"

"तुम्हा दोघांच्या मागून येत होते. तुझ्या फाटकाशीच थांबले. मला वाटलं, तुझ्याकडचे कोणी असतील." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

घरी आला तर बायको जिन्याखाली उभी. "हे काय, तुम्ही बाहेरून कसे आलात?"

"म्हणजे?"

"आत्ता, साडेसातला, मागच्या दाराने येऊन वर गेलात ना? मी भाकऱ्यांकडे बघत होते, पाठमोरी. हाक मारली, तर ओसुद्धा दिली नाहीत."

तो वर गेला. दोन्ही खोल्या पाहिल्या, कपाट उघडलं, पलंगाखाली वाकला. काही नव्हतं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तेवढं एक ओलं पान चिकटलं होतं. ते त्याने उचलून बाहेर टाकलं.

मावशींचा दिवा पुन्हा कधी विझला नाही. घड्याळजीने विझवायला सांगितलंही नाही. फोटो पांढुरके येतात, तसेच तो काढतो आणि खुशीत असतो. फक्त रोज साडेसातला जिन्याची तिसरी पायरी करकरते, मग चौथी, मग वरची. बायको म्हणते, थंडीने लाकूड आकसतं. तोही हो म्हणतो. दुकानातलं सगळ्यात नेमकं घड्याळ आणून त्याने ताडून पाहिलं. एका सेकंदाचाही फरक नाही.

रोज वर जाणारी पावलं त्याने ऐकली आहेत. उतरणारी अजून एकदाही नाही.