भिंतीपलीकडची फायनल

"मॅडम, या सीटवर कोणीतरी आधीच बसलंय," माझा मोबाईल स्कॅन करून ठाण्याच्या स्टेडियमचा गार्ड म्हणाला.

महिला कबड्डीची फायनल होती. इतरांनी घेतलेली तिकिटं पुन्हा विकणाऱ्या एका साइटवरून मी दुप्पट पैशांत तिकीट घेतलेलं, टिटवाळ्याहून धावतपळत आलेली. मी हटेना, तेव्हा गार्डने त्या 'कोणीतरी'लाच बाहेर बोलावलं.

तो आला. त्याच्या मोबाईलवरही तीच साइट, तीच सीट, तोच कोड.

"दोघांनाही एकच तिकीट विकलंय," तो म्हणाला. "फोटो काढून ठेवा, तक्रार करूया." आणि परत वळला, तर गार्डने हात आडवा केला. बाहेर आलेल्याला पुन्हा आत सोडत नव्हते, आणि तो कोड एकदा वापरून झालेला, म्हणून मलाही नाही.

"माझ्यामुळे तुमची मॅच गेली..."

"गेली कुठे? ऐकू येतेय की."

भुरभुर पाऊस होता, छत्री एकच — माझी. भिंतीला टेकून आम्ही फायनल ऐकली. आत गलका झाला की तो म्हणायचा, "पकडली." मी म्हणायचे, "छे, सुटली." विठ्ठलवाडीचा प्रितम. कोण जिंकलं, ते विचारायचं राहूनच गेलं.

साइटने हात वर केले, म्हणून आम्ही ग्राहक आयोगात गेलो. तारखा पडत गेल्या. लोक तारखांना कंटाळतात. मी आदल्या दिवशीच ड्रेसला इस्त्री करून ठेवायचे.

शेवटच्या तारखेला साइटचे वकील म्हणाले, "हे दोघं आधीपासूनचे ओळखीचे. भरपाईसाठी ठरवून एकच सीट घेतली."

आयोगाच्या मॅडमनी मला विचारलं, "हे तुमचे कोण?"

'कोणी नाही' म्हटलं की झालं असतं. पण ते दोन शब्द मला खरे वाटेनात.

"कोणी नव्हते..." मी म्हणाले, "त्या दिवशी."

"आणि आज?"

माझे कान तापले. शेजारून प्रितम हळूच म्हणाला, "मॅडम, ते मी हिला बाहेर गेल्यावर विचारणार होतो."

मॅडमनी हसू दाबलं. मग वकिलांकडे वळल्या. "ओळख आधीची असो की त्या दिवसाची, एक सीट दोघांना विकली ती तुम्हीच ना?"

आम्ही जिंकलो. बाहेर पुन्हा तसाच पाऊस. मी छत्री उघडली, तो मात्र पायरीवर भिजत उभा.

"जागृती, तक्रार तर संपली... उद्यापासून भेटायला काय कारण सांगू? तू आवडतेस, एवढंच आहे माझ्याकडे."

"तेवढं पुरे," मी छत्री जरा बाजूला सरकवली. "ये आत."